सुरूर, खुमार आणि चौदा शब्द

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत चढत्या नशेच्या तरतरीला सुरूर म्हणतात, उतरत्या नशेच्या जडपणाला खुमार. मराठीतही झिंग वेगळी, गुंगी वेगळी. भाषेला ठाऊक असलेला हा फरक प्रयोगशाळेत कसा मोजला गेला, त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

रक्तातले मद्य यंत्राने मोजता येते. पण रक्तातले प्रमाण चढताना आणि उतरताना सारखेच असले, तरी माणसाला सारखे वाटत नाही. म्हणून १९९३ मध्ये ख्रिस्तोफर मार्टिन आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी चौदा शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. सात शब्द उत्तेजनाचे: उत्साह, जोम, बडबड अशा अर्थांचे. सात सुस्तीचे: जड डोके, मंद विचार, लक्ष न लागणे. प्रत्येकाला पिणाऱ्याने शून्य ते दहा गुण द्यायचे. दोन्ही बेरजा वेगळ्या ठेवायच्या, कारण झिंग आणि गुंगी एकाच वेळी असू शकतात.

त्याच सुमारास मार्क शुकिट वेगळ्या वाटेने शोध घेत होते. मद्यासक्त वडिलांच्या आणि इतरांच्या तरुण मुलांना ठरावीक मद्य देऊन त्यांनी परिणाम नोंदवले आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला. १९९४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: विशीत ज्यांना दारू कमी जाणवली, त्यांना पुढे व्यसन जडण्याचा धोका जास्त होता.

२००४ पासून शिकागोत अँड्रिया किंग यांनी १९० तरुणांवर अभ्यास सुरू केला. त्यात मार्टिन यांची प्रश्नावलीही वापरली. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ज्यांना झिंग जास्त आणि गुंगी कमी जाणवत होती, त्यांच्यात व्यसनाची लक्षणे अधिक दिसली. इतकेच नव्हे, वर्षे उलटली तरी त्यांची झिंग ओसरली नव्हती.

आपल्याकडे पहिल्याच पेल्यात लटपटणाऱ्याची थट्टा होते आणि "मला चढतच नाही" म्हणणाऱ्याची वाहवा. या मोजमापाने ती समजूत उलटी केली. गुंगी हा शरीराचा 'पुरे' म्हणण्याचा इशारा. तो ज्याला कमी ऐकू येतो, तो थांबणार कसा? अर्थात हा धोका आहे, विधिलिखित नव्हे.

दारू हराम आहे म्हणून ज्या घरांत हा विषयच निघत नाही, तिथलीही काही मुले पितात. त्यांना "किती प्यालास?" एवढेच विचारू नका. "काय वाटलं?" हेही विचारा, आणि उत्तर शांतपणे ऐका.