डोळ्याचें नांव

अवयवांचीं नांवें भाषेंत सर्वांत चिवट असतात, असा समज आहे. राज्यें जातात, धर्म बदलतात. पण नाक, कान, डोळा हीं नांवें आईच्या दुधाबरोबर येतात, तीं कोण बदलणार? रशियन भाषेचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज टिकत नाहीं.

डोळ्यास स्लाव भाषांतील मूळ शब्द ‘ओको’. पोलिश, चेक, बल्गेरियन या भाषांत तो आजही नांदत आहे. लॅटिन ‘ओकुलुस’ व संस्कृत ‘अक्षि’ हीं त्याचींच भावंडें. रशियन माणूस मात्र डोळ्यास ‘ग्लाझ’ म्हणतो. हा कोठून आला? इपात्येव्ह मठाच्या हस्तलिखितांत जपलेल्या जुन्या बखरींत १११४ सालाखालीं लादोगा गांवची एक हकीकत आहे. मोठें आभाळ आलें म्हणजे तेथील मुलांस कांचेचे, भोंक पाडलेले लहानमोठे ‘ग्लाझ्की’, म्हणजे मणी, सांपडत, असें गांवकऱ्यांनीं बखरकारास सांगितलें. पोलिश भाषेंत याच शब्दाचा अर्थ दगड असा आहे. तेव्हां डोळ्यास ‘गोटी’ म्हणण्याची कोणा थट्टेखोराची लकब पुढें रूढ झाली असावी, असें बहुतेक पंडित मानतात.

पदच्युत झालेला ‘ओको’ मेला मात्र नाहीं. त्याचें जुनें बहुवचन ‘ओची’ काव्यांत राहिलें. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या काळ्या डोळ्यांवरील गाजलेल्या गीतांत तेंच आहे. खिडकीस ‘ओक्नो’ आणि चष्म्यास ‘ओच्की’ म्हणतांना रशियन माणूस नकळत त्याचेंच नांव घेतो. आमच्या ‘गवाक्षां’तही बैलाचा डोळा दडलेला आहेच.

हंसण्याचें कारण नाहीं. मराठीची गोष्ट अशीच आहे. ‘अक्षि’पासून हिंदी व गुजराती यांस ‘आंख’ मिळाली. मराठीनें मात्र प्राकृतांतील ‘डोल’ हा देशी शब्द जवळ केला, आणि ‘अक्षि’ला ‘प्रत्यक्ष’, ‘समक्ष’, ‘साक्षी’ अशा भारदस्त शब्दांच्या आश्रयास जावें लागलें.

आम्ही सुशिक्षित लोक खेडवळ शब्द ऐकून नाक मुरडतों. परंतु ज्या ‘डोळ्या’नें आम्ही व्याकरण वाचतों, तोही एके काळीं पंडितांच्या पंक्तीबाहेरचाच होता. कोणता शब्द राज्य करील, हें शेवटीं बोलणारे ठरवितात. व्याकरणकारानें त्याची नोंद घ्यावी.