सावलीची कड आणि शोधनिबंधाची मांडणी

पदवीच्या पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची वाट आता खुली झाली आहे. त्यात 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. महाराष्ट्रात ‘आविष्कार’ हे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन 2006 पासून चालू आहे आणि त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो. विसाव्या-एकविसाव्या वर्षी परिषदेत उभे राहून स्वतःचे काम मांडणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. म्हणून या मांडणीत नेमके काय जोखायचे, हे ठरवायला हवे. ‘यात नवीन काय?’ हा प्रश्न सगळीकडे पहिला विचारला जातो. माझ्या मते तो दुसरा आहे. ‘हे आम्हाला तपासून पाहता येईल का?’ हा पहिला.

जयपूरचे एक उदाहरण घेऊन हे मांडतो. सवाई जयसिंगाच्या ‘जंतरमंतर’ वेधशाळेतील मोठे सम्राट यंत्र हे सुमारे 27 मीटर उंच सूर्यघड्याळ आहे. त्याच्या तिरक्या भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या कमानीवर पडते आणि कमानीवरच्या खुणा दोन सेकंदांपर्यंत कोरलेल्या आहेत. जयसिंगाची भूमिका त्याच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या खगोलीय कोष्टकांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आली आहे. पितळी यंत्रे लहान, त्यांवर बारीक खुणा मावत नाहीत, त्यांचे आस झिजतात. म्हणून दगडचुन्याची मोठी यंत्रे बांधली. युरोपातून आणवलेल्या, खगोलज्ञ ला हीरच्या कोष्टकांत चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक पडतो, हेही तिथे नोंदले आहे. दुसऱ्याचे चुकले असे नुसते म्हटलेले नाही. किती चुकले तेही सांगितले आहे.

आता बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीने या यंत्रावर प्रकल्प घेतला असे समजा. ‘जंतरमंतर : प्राचीन भारतीय विज्ञानाचा गौरव’ असा विषय घेतला, तर तिच्याकडे तपासण्याजोगे काहीच उरत नाही. पण तिने विचारले, ‘यंत्र मोठे केल्याने वेध खरोखर अचूक होतो का?’, तर काम सुरू झाले. कमानीची त्रिज्या सुमारे 15 मीटर. म्हणजे सावली मिनिटाला साधारण साडेसहा सेंटिमीटर सरकते आणि दोन सेकंदांची खूण सुमारे दोन मिलिमीटरची होते. डोळ्यांना ती सहज दिसते. मात्र सूर्य हा बिंदू नाही. त्याचे बिंब आकाशात अर्ध्या अंशाहून किंचित मोठे आहे, त्यामुळे सावलीची कड धारदार पडत नाही, तिला उपछायेची झालर असते. पंधरा मीटरवर ही झालर जवळजवळ 14 सेंटिमीटर रुंद होते. वेळेत मोजली तर दोन मिनिटांहून थोडी जास्त.

खरी गंमत पुढे आहे. यंत्र दुप्पट मोठे केले तर खुणा दुप्पट सुट्या होतील, पण झालरही दुप्पट रुंद होईल. वेळेतली अस्पष्टता तेवढीच राहील. मग मोठेपणाचा फायदा कोणता? कमानीजवळ ताणलेला दोरा धरून त्याची सावली भिंतीच्या सावलीत नेमकी कुठे विरते हे पाहिले, तर झालरीतही ठराविक जागा पकडता येते, आणि तिथे सुट्या खुणांचा उपयोग होतो. हा फायदा किती सेकंदांचा, हे मोजायचे. त्यासाठी एकाच क्षणाचे वाचन तीन-चार जणांनी एकमेकांना न सांगता घ्यायचे आणि त्यांच्यातला फरक लिहून ठेवायचा. घड्याळाशी ताडताना जयपूरचे रेखांश लक्षात घ्यायचे, कारण तिथली स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे 27 मिनिटे मागे असते. शिवाय सूर्य आणि घड्याळ यांच्यातला, वर्षभरात बदलणारा आणि सोळा मिनिटांपर्यंत जाणारा फरकही धरायचा. यातले एक जरी विसरले तरी निष्कर्ष कोसळतो. विसरले नाही, हे श्रोत्यांना दिसले पाहिजे.

मांडणीचे शास्त्र इथून निघते. दहा मिनिटांच्या भाषणात विद्यार्थी बहुधा सहा मिनिटे विषयाचे महत्त्व सांगण्यात घालवतो आणि पद्धत एका स्लाइडवर उरकतो. प्रमाण उलटे हवे. प्रश्न एका वाक्यात, मग वेध कसे घेतले, किती घेतले, कोणते टाकून दिले आणि का. त्यानंतर आकडा, आणि आकड्याला चिकटून त्याची अनिश्चितता. सावलीच्या उदाहरणात ‘यंत्र दोन सेकंदांपर्यंत अचूक आहे’ हे वाक्य चूक ठरेल. ‘खुणा दोन सेकंदांच्या आहेत, आमची वाचने अमुक इतकी विखुरली’ हे बरोबर. लघुत्तम माप आणि अचूकता यांतला भेद ज्याला सांगता आला, त्याचे निम्मे शिक्षण झाले असे मी मानतो.

पदवीच्या कामाला भाषणापेक्षा पोस्टर अधिक मानवते, असे माझे मत आहे. 841 बाय 1189 मिलिमीटरच्या कागदासमोर परीक्षक थांबतो, आलेखावर बोट ठेवतो, विचारतो, ‘हा बिंदू इतका दूर का?’ भाषणानंतरच्या दोन मिनिटांत असा प्रश्न क्वचितच येतो. याच प्रश्नाने काम विद्यार्थ्याचे की मार्गदर्शकाचे, हेही कळते. स्वतः मोजलेल्याला तो बिंदू आठवतो: त्या दिवशी ढग होते, दोरा सैल होता.

यावर आक्षेप येईल, की इतक्या छोट्या कामाला परिषद कशाला? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवावेत. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असतानाच, 1927 मध्ये, स्वतंत्र गणिती कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे देवळालीत शाळामास्तर असताना त्यांनी 6174 ची गोष्ट 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, हेच पुन्हा पुन्हा करा. 3524 पासून 3087, मग 8352, मग 6174. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक वेळी तिथेच पोचाल. ऐकणाऱ्याला पेन्सिलीने जागच्या जागी पडताळता येईल असा हा शोध होता. अनेकांना तो क्षुल्लक वाटला. गणितावर लोकप्रिय लेखन करणारे मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये त्यावर लिहिल्यानंतर तो जगभर पोचला. छोटेपणा हा दोष नाही.

दोष आहे तो पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या परिषदांत, जिथे सारांश कोणी वाचत नाही आणि प्रश्न विचारायला वेळ ठेवत नाहीत. मुलांकडे वेळ आणि जिद्द असते, त्यांना तिथे पाठवणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. स्पर्धात्मक संमेलनांचे तसे नाही; तिथे परीक्षक खरोखर ऐकतात. तिथल्या गुणपत्रिकेत मात्र एक रकाना मी आग्रहाने घालीन: विद्यार्थ्याने आपल्या कामातली कोणती त्रुटी, कोणी विचारण्याआधी, आकड्यासकट सांगितली. आणि संमेलनात उत्तर न देता आलेले प्रश्न त्याच्या अंतिम प्रबंधात, स्वतंत्र प्रकरणात, उत्तरांसह यायला हवेत. 12 श्रेयांकांपैकी काही त्या प्रकरणासाठी राखून ठेवावेत.