कागदावरची संमती

दुसऱ्या महायुद्धात जर्मन कारखान्यांत राबलेल्या फ्रेंच कामगारांविषयी एक मत चांगलेच रूढ आहे. ज्याच्या नावाचा करार सापडतो, पगाराची नोंद सापडते, रजाही मंजूर झालेली दिसते, त्याला वेठबिगार कसे म्हणायचे? तो नोकरीला गेला होता, असे हे मत. त्याच्या पुष्ट्यर्थ एक तारीखही पुढे केली जाते. फ्रान्समधला सक्तीच्या श्रमसेवेचा कायदा 16 फेब्रुवारी 1943 चा आहे. म्हणून त्याआधी जो गेला तो आपखुशीने गेला. नंतर फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचे नेते झालेले जॉर्ज मार्शे डिसेंबर 1942 मध्ये आउग्सबुर्गच्या मेसरश्मिट विमान कारखान्याकडे रवाना झाले होते. पुढे त्यांच्यावर जी राळ उडाली, तिला याच तारखेचा आधार होता. मार्शे यांच्या वर्तनाचा निवाडा मला इथे करायचा नाही. त्यांच्या निमित्ताने जो सरसकट नियम बसवला गेला, तो मात्र टिकणारा नाही.

आधी तारखेचे पाहू. 22 जून 1942 रोजी फ्रान्सचे तत्कालीन सरकारप्रमुख लाव्हाल यांनी रेडिओवरून योजना जाहीर केली : तीन कुशल कामगार जर्मनीला गेले की एक फ्रेंच युद्धकैदी घरी परतेल. प्रतिसाद तोकडा पडला. तेव्हा 4 सप्टेंबरला कायदा आला आणि 18 ते 50 वर्षांचे पुरुष व 21 ते 35 वर्षांच्या अविवाहित स्त्रिया यांना सरकार सांगेल त्या कामाला जुंपण्याची मुभा सरकारने स्वतःकडे घेतली. कारखान्यांत नावांच्या याद्या लागू लागल्या. 13 ऑक्टोबरला ल्योंजवळच्या उल्लँ इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अशी यादी लागली, तेव्हा कामगारांनी काम बंद पाडले आणि संपाचे लोण ल्योंच्या इतर कारखान्यांत पसरले. माणसे आपखुशीने जात असती तर भिंतीवर यादी कशाला लावावी लागली असती? यादीत नाव आलेल्याच्या पुढ्यात करार ठेवला जाई. सही नाकारल्याने त्याची सुटका होत नसे. म्हणजे फेब्रुवारीच्या कायद्याआधी पाच महिने सक्ती सुरू झालेली होती, आणि त्या काळातला सही केलेला करार एकट्याने काहीच सिद्ध करत नाही.

आता नोंदींकडे वळू. जर्मनीत फेब्रुवारी 1935 च्या कायद्याने कामगाराची नोंदपुस्तिका आली; युद्धकाळात परदेशी कामगारांसाठी तिची वेगळी आवृत्ती निघाली. मालकाचे नाव, कारखान्याचा प्रकार, कामावर घेतल्याची तारीख, कामाचे स्वरूप, काम संपल्याची तारीख, असे तिचे रकाने. नोकरी चालू असेतोवर पुस्तिका कामगाराच्या खिशात नव्हे, मालकाच्या ताब्यात राही, आणि तिच्याशिवाय दुसरीकडे काम मिळत नसे. या पुस्तिका खोट्या आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. माणूस कुठे, केव्हा आणि कोणत्या कामावर होता, हे त्या सांगतात आणि बहुधा खरे सांगतात. बाड आरोल्सन इथल्या अभिलेखागारातल्या अशाच नोंदींच्या बळावर पोलंड-युक्रेनमधल्या असंख्य वृद्धांना 2000 नंतर नुकसानभरपाई मिळाली. पण तो माणूस तिथे का उभा होता, यासाठी पुस्तिकेत रकानाच नाही. जे विचारलेच गेले नाही, त्याचे उत्तर तिच्यातून काढणे ही अभ्यासाची रीत नव्हे.

न विचारता काम सोडले तर काय होई, हेही पाहावे. त्याला ‘कराराचा भंग’ म्हणत आणि प्रकरण गेस्टापोकडे जाऊ शके. 1941 पासून अशांसाठी ‘श्रमशिक्षण छावण्या’ होत्या. मुदत जास्तीत जास्त 56 दिवस, हाल छळछावणीसारखे, आणि त्यातून वाचला तर पुन्हा कामावर. जो करार मोडल्याबद्दल छावणीत डांबले जाते, त्याला नोकरीचा करार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पगाराचा मुद्दा तर त्याहून लंगडा आहे. 1930 च्या आंतरराष्ट्रीय श्रम कराराने सक्तमजुरीची व्याख्या केली ती शिक्षेचा धाक आणि स्वेच्छेचा अभाव या दोन खुणांवर. मजुरी मिळाली की नाही, याचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. रजेबद्दल गायक जॉर्ज ब्रासांस यांचे उदाहरण पुरे. 1943 मध्ये त्यांना बर्लिनजवळच्या बास्डॉर्फ इथे बीएमडब्ल्यूच्या विमान-इंजिन कारखान्यात धाडले गेले. मार्च 1944 मध्ये रजेवर पॅरिसला आले ते परत गेलेच नाहीत. शहर मुक्त होईपर्यंत एका घरात लपून राहिले. नोकरदार राजीनामा देतो, त्याला दडून बसावे लागत नाही. शिवाय दडणाऱ्याला रेशनची कुपने मिळत नसत. कोणी पदरचे खाऊ घातले तरच तो जगे. सगळ्यांना हे कुठून जमावे?

खरोखर स्वतःहून गेलेलेही होते. 1940 ते 1942 या काळात बेकारीपायी किंवा जादा पगारासाठी हजारोंनी गेले. त्यांना सक्तीच्या आडोशाला लपवू नये. पण त्यांच्यामुळे उरलेल्यांवर शिक्का मारू नये, कारण खुद्द या वेठीचा सूत्रधार फ्रिट्झ झाउकेल 1 मार्च 1944 च्या बैठकीत सांगून गेला आहे की जर्मनीत आलेल्या 50 लाख परदेशी कामगारांपैकी 2 लाखही स्वेच्छेने आलेले नाहीत. आकड्यात अतिशयोक्ती असेल; पण ही कबुली सक्ती करणाऱ्याचीच आहे आणि ती त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हे, सत्तेवर असताना दिली आहे.

‘नाझी जर्मनीतील सक्तमजुरीचे बळी’ ही अधिकृत ओळख फ्रान्सने या कामगारांना दिली ती 2008 साली. फेब्रुवारी 1943 च्या कायद्याने धरलेले सर्वांत तरुण, म्हणजे 1922 साली जन्मलेले, त्या वर्षी 86 वर्षांचे होते.