सहा नंबरच्या खाणीतून सुरू झालेला दिवस

रॉक स्प्रिंग्स हे गाव रेल्वेच्या कोळशासाठी वसलं. युनियन पॅसिफिक कंपनीच्या गाड्या वायोमिंगच्या उजाड पठारावरून धावायच्या, इंजिनांना कोळसा लागायचा, आणि तो इथे जमिनीखाली भरपूर होता. १८८५ साली वायोमिंग अमेरिकेचं राज्यही झालं नव्हतं, केंद्राच्या अखत्यारीतला एक प्रदेश होता. २ सप्टेंबरला, बुधवारी, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत या गावात किमान २८ चिनी खाणकामगार मारले गेले. मारणारेही खाणकामगारच. त्या दिवसाचा घटनाक्रम तासातासाने सांगता येतो. पण सकाळी सातपासून सुरुवात केली तर ते खाणीतलं एक भांडण वाटेल, म्हणून थोडं मागे जायला हवं.

१८७१ आणि १८७५

१८७१ साली इथे संप झाला तेव्हा तो मोडायला कंपनीने स्कँडिनेव्हियन मजूर आणले. नोव्हेंबर १८७५ मध्ये पुन्हा संप झाला, मजुरी कापल्यावरून. या वेळी कंपनीने दीडशेच्या आसपास चिनी मजूर सैन्याच्या बंदोबस्तात खाणीत उतरवले. गोऱ्यांपैकी पन्नासेक जणांना परत घेतलं, बाकीच्यांना वाट दाखवली. चिनी मजूर पुरवण्याचा ठेका बेकविथ, क्विन आणि कंपनी यांच्याकडे होता.

दोन्ही वेळा खेळी तीच. एका भुकेल्याच्या जागी दुसरा भुकेला उभा करायचा. पण पुढे काय झालं ते पाहा. संप फोडायला आलेले स्कँडिनेव्हियन चौदा वर्षांत 'आपले गोरे कामगार' झाले. चिनी दहा वर्षं त्याच खाणीत खपूनही 'संपफोडे' ते संपफोडेच. १८७५ चा राग जर फक्त रोजीरोटीचा असता, तर तोही तसाच विरून गेला असता.

१८८५ चा उन्हाळा

आता खाणीत सुमारे ३३१ चिनी होते आणि १५० गोरे. गोरे म्हणजे आयरिश, वेल्श, इंग्रज, स्कँडिनेव्हियन, बरेचसे कालपरवा बोटीतून उतरलेले. १८८३ पासून गावात 'नाइट्स ऑफ लेबर' या कामगार संघटनेची शाखा होती. ही संघटना त्या काळाच्या मानाने मोठ्या मनाची. बायकांना सभासद करून घेई, काळ्या कामगारांनाही घेई. एकावरचा अन्याय हा सगळ्यांचा प्रश्न, हे तिचं ब्रीद. चिन्यांना मात्र दार बंद होतं. संघटनेने त्यांना देशाबाहेर ठेवण्यासाठी जोर लावला होता, आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली होती. जे आधीच आत होते, त्यांना नागरिकत्व मिळणार नाही हेही त्याच कायद्यात स्पष्ट केलं होतं.

गोऱ्यांनी मजुरीवाढीसाठी संपात यायला सांगितलं तेव्हा चिन्यांनी नकार दिला. ही तक्रार खरी आहे. चिन्यांनी नंतर दिलेल्या निवेदनातही ती गोष्ट आहे. पण ज्यांना संघटनेत जागा नाही, देशात नागरिक म्हणून जागा नाही, त्यांनी कोणाच्या भरवशावर काम सोडायचं? कंपनीशी बिनसलं असतं तर त्यांच्यासाठी उभं राहणारं कोणी नव्हतं. कंपनीला हे पक्कं ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये रेल्वेमार्गावरच्या गावांतून, इव्हान्स्टनपासून रॉक स्प्रिंग्सपर्यंत, चिन्यांना हाकला अशी पत्रकं लागली. त्यावर कोणीही काही केलं नाही.

मंगळवार, १ सप्टेंबर, रात्र

गोऱ्या खाणकामगारांची बैठक झाली. चिनी वस्ती गावाशेजारीच होती, बिटर क्रीक नावाच्या ओढ्यापलीकडे. बैठकीची बातमी तिथे पोचली असेलही, पण तिचं कोणी फार मनावर घेतलेलं दिसत नाही. बैठका नेहमीच होत असत.

बुधवार, सकाळी ७

सहा नंबरची खाण. खाणीत जागा वाटून मिळायची. त्या जागेला 'खोली' म्हणायचे. मजुरी टनावर असल्याने खोली चांगली मिळणं म्हणजे त्या महिन्याचा घरखर्च निघणं. कोणाला कुठली खोली द्यायची हे कंपनीचा मुकादम ठरवी. त्या सकाळी एका चांगल्या खोलीत चिनी काम करत होते. दहाएक गोरे आत आले आणि इथे तुम्ही काम करायचं नाही म्हणाले. बाचाबाची झाली, मग फावडी आणि टिकाव चालले. दोन चिनी गंभीर जखमी झाले. एकाच्या डोक्यात टिकाव बसला होता. तो पुढे दगावला.

खोली वाटली कंपनीने, टिकाव बसला शेजाऱ्याच्या डोक्यात. त्या दिवसाचं सगळं गणित या एका वाक्यात येतं, आणि ते मांडायला मला नंतरची आग लागत नाही.

मुकादम आला, मारामारी थांबली. गोरे कामावर परतले नाहीत. ते वर आले आणि बंदुका आणायला घरी गेले.

सकाळी १०च्या सुमारास

नाइट्स ऑफ लेबरच्या सभागृहाची घंटा वाजली. माणसं जमली, पांगली, दारूच्या गुत्त्यांत शिरली. दुपारनंतर गुत्ते आणि दुकानं बंद करायला लावण्यात आली. म्हणजे आता काहीतरी होणार हे गावाला कळलं होतं. गावात कंपनीची माणसं होती, तारयंत्र होतं, आगगाडी होती. चिनी वस्तीत जाऊन सावध करावं असं कोणाला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी कोणी गेलं नाही.

वस्तीत त्या दिवशी चिनी सण होता. बरेच जण कामावर गेलेच नव्हते. सकाळी सहा नंबरमध्ये काय झालं याचा अनेकांना पत्ताही नव्हता.

दुपारी २

शंभर-दीडशे गोरे रुळांजवळ जमले. बहुतेकांच्या हातात विंचेस्टर रायफली. जमावाचे दोन भाग झाले. एक फळ्यांच्या पुलावरून निघाला, दुसरा रेल्वेच्या पुलावरून. वस्तीतून बाहेर पडण्याच्या वाटा त्यामुळे आवळल्या गेल्या. हे काही दारूच्या तारेत सुचलेलं नव्हतं.

तिघांचं एक शिष्टमंडळ वस्तीत गेलं. एका तासात चंबूगबाळं आवरून निघून जा, असा निरोप दिला. माणसं आवरायला लागली. अर्धा तासही झाला नसेल तोच तीन नंबरच्या खाणीकडून गोळ्या सुटल्या. कोळशाच्या शेडवर आणि पंपघरावर मारा झाला, तिथे पहिली प्रेतं पडली.

दुपारी ३.३०

आता कत्तल उघड उघड चालली होती. पळणारे हाताला लागले की आधी झडती. पैसे, घड्याळ, जे असेल ते काढून घ्यायचं. मग कोणाला सोडत, कोणाला दस्त्याने झोडपत, कोणाला गोळी घालत. काही ठरलेला नियम नव्हता. फळ्यांच्या पुलाच्या टोकाला बायका उभ्या राहून ओरडून चेतवत होत्या. त्यांच्यातल्या दोघींनी स्वतः गोळ्या झाडल्या. वाचलेल्यांच्या निवेदनात आणखी एक नोंद आहे: ज्या गोऱ्या बायकांनी या कामगारांना पूर्वी इंग्रजी शिकवलं होतं, त्याही रुमाल आणि चीजवस्तू शोधत फिरत होत्या.

ही नोंद मला गोळीबारापेक्षा जास्त अस्वस्थ करते. मारेकऱ्यांना हे लोक परके होते असं मानून आपण सुटका करून घेतो. इथे तर शाळा झाली होती, नावं माहीत होती.

पळणाऱ्यांपैकी काही ओढ्यात उतरले, काही रुळांच्या कडेने, बाकीचे टेकड्यांकडे धावले. जे आजारी होते, लपून बसले होते, ते मागेच राहिले.

दुपारी ४ ते रात्री ९

वस्तीला आग लावली. ७९ घरं जळाली. त्यांतली पुष्कळ कंपनीच्या मालकीची होती, आणि त्या दिवशी कंपनीचं जे काही थेट नुकसान झालं ते एवढंच. आत लपलेले आत जळाले. बाहेर पडलेली प्रेतंही ज्वाळांत टाकण्यात आली.

संध्याकाळी जमाव मुकादमाच्या दारात गेला. पुढच्या गाडीने गाव सोड, असं त्याला बजावलं. तो गेला. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. ज्याने खोल्या वाटल्या त्याला आगगाडी, ज्याला खोली मिळाली त्याला गोळी. ग्रीन रिव्हरहून शेरीफ आला, पण त्याच्या बरोबर उभं राहायला गावातले लोक तयार झाले नाहीत.

रात्र, आणि गुरुवार, ३ सप्टेंबर

सहा हजार फुटांवरचं पठार. सप्टेंबरातही रात्री थंडी असते. टेकड्यांत पळालेल्यांपैकी काही जण तहानेने, गारठ्याने गेले. युनियन पॅसिफिकने गाड्यांना तारा केल्या: सावकाश जा, रुळांच्या कडेला चिनी दिसले तर घ्या. वाचलेल्यांना पश्चिमेला, सुमारे शंभर मैलांवरच्या इव्हान्स्टनला नेलं. गव्हर्नर फ्रान्सिस वॉरन यांनी वॉशिंग्टनकडे सैन्य मागितलं.

बुधवार, ९ सप्टेंबर

इव्हान्स्टनमध्ये सुमारे सहाशे चिन्यांना मालगाडीच्या डब्यांत बसवण्यात आलं. सॅन फ्रान्सिस्कोला चाललोय, अशी त्यांची समजूत होती. गाडीला सैनिकांचा डबा जोडलेला होता. दारं उघडली तेव्हा समोर रॉक स्प्रिंग्स. जळालेल्या घरांच्या राखेत प्रेतं तशीच होती, काहींचे कुत्र्यांनी आणि डुकरांनी लचके तोडलेले. त्यांनी गाव सोडायला रेल्वेचे पास आणि थकलेली मजुरी मागितली. कंपनीने दोन्ही नाकारलं. ठरल्या दिवशी कामावर न येणाऱ्याला पुन्हा कधी काम मिळणार नाही, असं सांगितलं. बरेच जण खाणीत उतरले. मालगाडीचे डबे हीच काही काळ त्यांची घरं होती.

म्हणजे गोऱ्यांनी ज्यांना हाकलण्यासाठी २८ खून केले, ते आठवड्याभरात संगिनींच्या पहाऱ्यात परत आले. कंपनीने ४५ गोऱ्यांना कामावरून काढलं. सैन्याची छावणी त्या शतकाच्या अखेरपर्यंत गावात राहिली. ज्या संपासाठी हे सगळं झालं असं सांगितलं जातं, तो संप काही कोणाला जिंकता आला नाही.

ऑक्टोबर १८८५ आणि पुढे

पकडलेल्यांवर ग्रीन रिव्हरला ज्यूरीने आरोपच ठेवले नाहीत. कोणी गुन्हा करताना पाहिल्याची साक्ष मिळाली नाही, असं म्हटलं गेलं. दिवसाढवळ्या, अख्ख्या गावासमोर घडलेली गोष्ट! सुटून आलेल्यांचं रॉक स्प्रिंग्समध्ये वाजतगाजत स्वागत झालं. चीनच्या वकिलातीने भरपाई मागितली तेव्हा परराष्ट्रमंत्री टॉमस बेयर्ड यांनी उत्तरात दाखवून दिलं की मारणारे आणि मरणारे दोघेही परदेशीच होते. वेल्श, आयरिश आणि स्वीड माणसांनी 'अमेरिकन कामगारा'च्या नावाने बंदूक धरली होती, आणि अमेरिकन सरकारच्या लेखी तेही अजून अमेरिकन नव्हते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात टकोमातून चिन्यांना हाकललं गेलं, पुढच्या फेब्रुवारीत सिएटलमध्ये तसाच प्रयत्न झाला. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी लाकडाच्या गिरण्यांतल्या गोऱ्या कामगारांनी हिंदुस्थानी मजुरांच्या खोल्यांत घुसून त्यांना मारहाण केली आणि गावाबाहेर काढलं. ते बहुतेक पंजाबी शीख होते. तिथेही कोणाला शिक्षा झाली नाही.

रॉक स्प्रिंग्सची भरपाई अमेरिकन काँग्रेसने १८८७ मध्ये मंजूर केली: १,४७,७४८ डॉलर ७४ सेंट. ती जळालेल्या आणि लुटलेल्या मालमत्तेची होती. २८ जिवांचं त्यात काही नव्हतं.