झाकलेलं आणि पुसलेलं

आज मी एका बटणाचा इतिहास सांगणार आहे. कीबोर्डवर ‘प्रिंट स्क्रीन’ असं लिहिलेलं बटण असतं. एकेकाळी हे नाव अक्षरशः खरं होतं. १९८१ साली आयबीएम पीसी आला, तेव्हा शिफ्टबरोबर हे बटण दाबलं की पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरमधून कागदावर उतरायचा.

विंडोजमध्ये कागद गेला. पडद्याचं चित्र क्लिपबोर्डवर जायचं, मग ते पेंटमध्ये चिकटवून कापायचं. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॅब्लेट पीसीसाठी स्निपिंग टूल काढलं. २००७ साली आलेल्या विस्टापासून ते विंडोजसोबतच मिळू लागलं; त्यात पेन, हायलायटर, खोडरबर होतं. २०१८ मध्ये मॅकवर कमांड-शिफ्ट-५ आलं. स्क्रीनशॉट काढला की कोपऱ्यात छोटं चित्र दिसतं, त्यावर क्लिक करून लगेच खुणा करता येतात.

सोय वाढली तसा वापरही बदलला. आधी आपण ‘हे बघा’ म्हणून बाण काढत होतो. आता खाते क्रमांक, आधारचे आकडे, घरचा पत्ता लपवण्यासाठीही हीच साधनं वापरतो. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच आहे.

मार्च २०२३ मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप साधनातला एक दोष जाहीर केला. त्याला ‘एक्रॉपॅलिप्स’ असं नाव पडलं. काही दिवसांतच तसाच दोष विंडोज ११ चं स्निपिंग टूल आणि विंडोज १० चं स्निप अँड स्केच यांतही सापडला. चित्र कापून त्याच फाइलवर सेव्ह केलं, की नवी छोटी फाइल जुन्या मोठ्या फाइलच्या सुरुवातीवर लिहिली जाई आणि जुनीचा उरलेला भाग मागे तसाच राही. कॅसेटवर मोठ्या गाण्यावर छोटं गाणं रेकॉर्ड केलं, की शेवटी जुन्या गाण्याचं शेपूट ऐकू यायचं, तसंच हे. पडद्यावर काही दिसत नसे, पण त्या शेपटावरून मूळ चित्राचा काही भाग परत उभा करता येई. दोन्ही कंपन्यांनी दुरुस्ती दिली; पण आधीच पाठवून झालेल्या चित्रांना तिचा उपयोग नव्हता.

कागदावर छापलेल्या पडद्यामागे दुसरं काही दडलेलं नसायचं. फाइलचं तसं नाही. म्हणून मी दोन पथ्यं पाळतो. झाकायला हायलायटर वापरत नाही, कारण त्याची शाई पारदर्शक असते. पूर्ण भरीव काळा चौकोन टाकतो. आणि सगळं झाकून झालं की त्या चित्राचा पुन्हा एक स्क्रीनशॉट काढून तोच पाठवतो. या नव्या चित्रात पडद्यावर दिसतं तेवढंच उतरतं, १९८१ च्या त्या कागदासारखं.