जाईबाई चौधरी : वस्तीतली शाळा आणि आपला विसर

नागपूर म्हटले की ‘स्वयंसेवक’ या शब्दावर भलत्यांचीच मक्तेदारी आहे असे आपणही मानू लागलो आहोत. ती संघटना १९२५ ची. त्याच शहरात तीन वर्षे आधी, १९२२ मध्ये, एका महार बाईने अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली होती. जाईबाई चौधरी. आपल्यापैकी किती तरुणांना हे नाव ठाऊक आहे?

जाईबाईंचा जन्म १८९२ चा, उमरेडचा. १८९६ च्या दुष्काळाने कुटुंब नागपुरात आले. १९०१ मध्ये बापूजी चौधरी यांच्याशी लग्न झाले, म्हणजे वय नऊ. घरी गरिबी, म्हणून हमाली. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या या मुलीला मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी हेरले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका केले. पगार महिना चार रुपये. पुढे सवर्ण पालकांना कळले की मास्तरीणबाई अस्पृश्य आहेत. त्यांनी मुले पाठवणे बंद केले आणि नोकरी गेली.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. पुन्हा ओझी. जाईबाईंनी मात्र नव्या वस्तीत संत चोखामेळा कन्या पाठशाळा उभी केली.

आमचे काही मित्र विचारतात, चोखामेळ्याचे नाव कशाला? मित्रांनो, १९५६ ची फूटपट्टी १९२२ ला लावू नका. तेव्हा आपली वसतिगृहे, धर्मशाळा याच नावाने उभ्या राहत होत्या. पाटीपेक्षा पाटीखाली कोण बसले होते ते पाहा. घरातले बाप्ये गिरणीत, बाया मजुरीला, आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळणारी सात-आठ वर्षांची पोर. अशा घरातून मुलगी शाळेत आणायची म्हणजे आधी तिच्या आईशी बोलायचे, मग आजीशी, मग पुन्हा आईशी. हे काम सभेत होत नाही. रोज त्याच गल्लीत जावे लागते.

डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. स्त्रीमुक्तीची भाषणे झाली, आणि जेवणाच्या वेळी जाईबाई व इतर अस्पृश्य स्त्रियांना वेगळे बसवले. जाईबाई गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला आपल्या स्त्रियांची निषेध सभा झाली. अवघ्या काही दिवसांत सभा कशी जमली? ज्या बाया एकमेकींना ओळखतच नाहीत, त्या चार दिवसांच्या निरोपावर घर सोडून येत नाहीत. ओळख आधीची होती. आमच्या मते त्यात शाळेचा वाटा मोठा होता.

२० जुलै १९४२ ची नागपूरची महिला परिषद आपण अभिमानाने सांगतो. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे, समोर हजारो स्त्रिया आणि त्यांच्याशी बोलणारे बाबासाहेब. हा फोटो आपण शेअर करतो. पण त्या हजारो बाया आकाशातून पडल्या नव्हत्या. जाईबाईंसारख्यांची वीस वर्षांची पायपीट त्या मंडपात बसली होती. प्रस्थापितांनी आपला इतिहास लिहिला नाही, हे खरेच. पण आपणही परिषदांचा इतिहास लिहिला, वस्तीचा नाही. जिथे लाऊडस्पीकर होता तेवढेच आपल्याला ऐकू आले.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी जुन्या कार्यकर्त्या बायांना शोधत घरोघरी फिरल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये आले, म्हणून आज जाईबाईंबद्दल एवढे तरी सांगता येते.

ते वाचून आम्ही आमच्याच विहारात विचारले, इथे संध्याकाळी मुलांचा अभ्यास पहिल्यांदा कोणी घेतला? तीन आज्ज्यांनी तीन नावे सांगितली, तिन्ही बायांची. भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर त्यांतले एकही नाव नाही. तिघींपैकी एक हयात आहेत. येत्या रविवारी आम्ही वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत.