अंग घासण्याचा खांब

चराऊ रानात शेळ्या-मेंढ्यांना अंग खाजवता यावे म्हणून घट्ट पुरलेला, जनावराच्या पाठीहून उंच, खरखरीत सालीचा सोट. मुळा-मुठा नदीकाठच्या मांजरी गावासारख्या शिवारात बांधावरची बाभूळ हे काम आपसूक करते. जेथे झाड उरलेले नाही, तेथे जनावरे काटेरी तारेला अंग घासून जखमी होतात, म्हणून खांब मुद्दाम पुरणे अगत्याचे ठरते. मात्र खाज सतत राहून लोकर झडू लागली, तर खरूज, म्हणजे अतिसूक्ष्म परजीवी किडींमुळे होणारा त्वचारोग, झाल्याची शंका घ्यावी. या किडी खांबाला चिकटलेल्या लोकरीत सुमारे 2 आठवडे जगू शकत असल्याने बाधित जनावरे वेगळी ठेवून त्यांच्यावर पशुवैद्याकडून उपचार करवावेत आणि त्यानंतरही किमान तेवढे दिवस तो खांब निरोगी कळपास वापरू देऊ नये.